वर्म

मराठीत ‘वर्म’ म्हणजे दुखरी जागा. कुणाच्या वर्मावर बोट ठेवलं की तो माणूस चिडतो, आणि घाव वर्मी लागला की माणूस उठत नाही. लहानपणापासून मी हा शब्द याच अर्थानं वापरत आले. कॉलेजात संस्कृत शिकताना कळलं की तिथे वर्म म्हणजे चिलखत. पल्लवांचा नरसिंहवर्मन, कामरूपचा भास्करवर्मन आणि आपल्या शेजारचे वर्मा यांच्या नावात संरक्षण आहे, दुखरी जागा नाही. दुखऱ्या जागेला संस्कृतात मर्म म्हणतात, आणि सुश्रुतानं माणसाच्या शरीरात अशी 107 मर्मं मोजली आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं पंचाहत्तरावं सूक्त लढाईच्या सामानाचं आहे. धनुष्य, दोरी, भाता, रथ, घोडे असं सगळं त्यात येतं, पण सुरुवात होते चिलखतापासून. शेवटाकडे कवी योद्ध्याची मर्मं वर्मानं झाकतो.

मराठीपर्यंत येताना मर्माची जागा वर्मानं घेतली. तमिळमध्येही तसंच झालं आहे. तिथल्या ‘वर्मम्’ विद्येत शिकवतात ती शरीरातली नाजूक ठिकाणं, ज्यांना मल्याळम माणूस मर्मच म्हणतो. ज्यानं झाकायचं त्याचं नाव जे झाकायचं त्याला मिळालं. पूर्वी मला ही गंमत वाटायची. अलीकडे, माझा भाचा निमलष्करी दलात भरती झाल्यापासून, या शब्दाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहते. चिलखत कशापासून वाचवतं, कशापासून नाही, आणि शरीराचा कुठला भाग उघडा राहतो, हे मी गेली काही वर्षं जमेल तिथून समजून घेते आहे. त्यातलं जे नीट समजलं ते इथे लिहिते.

मी हैदराबादला राहते. सालारजंग संग्रहालयातलं शस्त्रांचं दालन माझ्या पायाखालचं आहे, पण काचेपलीकडच्या चिलखताकडे पाहून त्याचं काम कळत नाही. ते कळलं एका संग्राहकाच्या घरी. त्यांनी लोखंडी कड्यांचा एक झगा पलंगावर ठेवला होता. मी तो एका हातानं उचलायला गेले आणि तो वाळूच्या पोत्यासारखा बोटांमधून ओघळून खाली बसला. असा झगा साधारण आठ ते बारा किलोंचा असतो. अंगात घातल्यावर सगळा भार खांद्यांवर येतो, म्हणून कमरेला पट्टा आवळून थोडं वजन कंबरेवर घेतात. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते. तारेची दोन टोकं एकमेकांवर ठेवून, चपटी करून, त्यांतून बारीक रिवेट ठोकलेला असतो. एका झग्यात अशा कड्या सहज वीस-तीस हजारांवर जातात.

संग्राहकांनी मला भाजीची सुरी दिली आणि म्हणाले, “ओढा.” मी झग्यावरून सुरी जोरात ओढली. करकर आवाज झाला, पण खाली काही कापलं गेलं नाही. धार एका वेळी अनेक कड्यांवर येते, कड्या सैल असल्यानं मागे सरतात, आणि वाराचा जोर पसरून जातो. मग त्यांनी दाभण दिला. पोती शिवायचा तो दाभण एका कडीच्या भोकातून सहज आत गेला. जाड होत जाणारा भाग कडीला अडला तेव्हा थांबला, पण तोपर्यंत टोक बोटभर आत होतं. आता मी जोर लावला असता तर तो सगळा जोर त्या एकाच कडीच्या एकाच रिवेटवर आला असता. रिवेट टिकला तर माणूस वाचला.

चिलखताचं निम्मं शास्त्र या दोन हत्यारांत येतं. वार पसरवता आला तर चिलखत जिंकतं. तो एका बिंदूवर गोळा झाला तर शस्त्र जिंकतं.

हे जुन्या कारागिरांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. इराण आणि उत्तर हिंदुस्थानात वापरली जाणारी पेशकब्ज पाहा. मुठीजवळ रुंद असलेलं तिचं पातं टोकाकडे झपाट्यानं निमुळतं होतं, आणि पाठीवर जाड कणा असतो म्हणजे जोर लावल्यावर वाकू नये. ते घडवलंच आहे कडीतून शिरून कडी फोडण्यासाठी. काही कट्यारींची टोकं मुद्दाम जाड, चौकोनी घडवलेली असतात, तीही त्याचसाठी. पात्यानं कड्या ऐकत नसतील तर गुर्ज होताच. गुर्जाला कडी तोडायची गरज नसते. झगा शाबूत राहतो आणि खालचं हाड मोडतं. म्हणून कड्यांच्या झग्याखाली कापूस भरलेला जाड अंगरखा घालत. लोखंड धार अडवायचं आणि कापूस धक्का गिळायचा.

कड्यांच्या जोडीला पुढे पत्रे आले. त्यातला आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे चार-आईना. फारसीत त्याचा अर्थ चार आरसे. छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन बगलांखाली एकेक असे घासून चकचकीत केलेले चार पोलादी पत्रे पट्ट्यांनी बांधायचे. भाल्याचं टोक कड्यांत अडकून आत शिरेल, पत्र्यावरून मात्र ते घसरून जातं. बगलेखालच्या दोन पत्र्यांचा वरचा काठ खोलगट कापलेला असतो. कारण उघड आहे. तो तसा कापला नाही तर हात खाली येणार नाही. हात खाली यायला हवा असेल तर तेवढी जागा नुसत्या कड्यांवर सोपवावी लागते.

इथे मला पोरस आठवतो. इ.स.पू. 326 मध्ये झेलमच्या काठी सिकंदराशी झालेल्या लढाईची हकीकत एरियन या ग्रीक लेखकानं काही शतकांनंतर, जुनी टिपणं समोर ठेवून लिहिली. त्यात पोरसच्या चिलखताचं कौतुक आहे. ते फार मजबूत होतं आणि अंगावर उत्तम बसलेलं होतं. उघडा होता तो फक्त उजवा खांदा, आणि जखम तिथेच झाली. तो खांदा कारागीर विसरला नव्हता. पोरस हत्तीवरून लढत होता. उजवा हात डोक्यावर नेऊन शस्त्र चालवायचं तर खांदा मोकळा हवाच. लढण्यासाठी जे उघडं ठेवावं लागलं, नेमकं तिथे शस्त्र पोचलं.

हेमूचंही तेच. 5 नोव्हेंबर 1556 ला पानिपतावर तो हत्तीच्या हौद्यात होता आणि लढाई त्याच्या बाजूनं झुकलेली होती. एक बाण त्याच्या डोळ्यात शिरला. सैन्याला सेनापती दिसेना, आणि दिवस फिरला. शिरस्त्राण कितीही चांगलं घडवा, डोळ्यांपुढे फट ठेवावी लागते. ती झाकली तर राजा वाचेल, पण त्याला लढाई दिसणार नाही.

आता प्रतापगडाकडे येते, कारण चिलखत म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तोच प्रसंग येतो. माझं माहेर साताऱ्याचं. शाळेची सहल गडावर गेली की गुरुजी भेटीची जागा दाखवून मिठीचा प्रसंग सांगायचे. 10 नोव्हेंबर 1659. खानानं मिठीत धरून कट्यार चालवली आणि ती महाराजांच्या अंगाला लागली नाही. राजारामांच्या काळात कृष्णाजी अनंत सभासदांनी लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या अंगातल्या वस्त्राला जरीची कुडती म्हटलं आहे, आणि शस्त्र तिच्यावर खरखरत गेलं असं वर्णन आहे. शाळेत असताना मला ती सोनेरी जरीची कुडती वाटायची. पण सोन्याच्या तारेनं कट्यार अडत नाही, आणि कट्यार कापडावरून खरखरत नाही. फारसीत कड्यांच्या चिलखताला ‘झिरह’ म्हणतात. मराठीत तोच शब्द जिरेटोपात राहून गेला आहे. आज शिवजयंतीला मुलं डोक्यावर कापडी जिरेटोप घालतात, त्यातलं ‘जिरे’ मुळात लोखंडाचं. बखरीतली ती कुडतीही मला जरीची नसून झिरहची वाटते. हा माझा अंदाज आहे, पण पलंगावरच्या झग्यावरून सुरी ओढताना जो आवाज मी ऐकला, त्याला मराठीत खरखर याहून नेमका शब्द नाही.

त्या वाराकडे कारागिराच्या नजरेनंही पाहता येतं. कट्यार हे भोसकण्याचं हत्यार आहे, आणि भोसकायला हात मागे घ्यावा लागतो. मिठीत हात मागे घ्यायला जागा नसते. टोक सरळ न बसता तिरकं बसलं, पातं कड्यांवरून घासत गेलं आणि जोर पसरला. त्या दिवशी चिलखतानं काम केलं. पण काम करण्याजोगा वार त्याला मिळाला, हेही खरं.

बखरींत चिलखत असतं ते राजांच्या आणि सरदारांच्या अंगावर. शिलेदार-बारगिरांच्या, हशमांच्या अंगावर काय होतं? बहुतेकांच्या हातात ढाल, डोक्याला पागोटं आणि अंगात फार तर कापूस भरलेली बंडी. यातलं काहीच कुचकामी नव्हतं. गेंड्याच्या कातडीची ढाल तलवारीचा वार चांगला झेलते. पागोट्याचे पीळ एकावर एक बसले की धार आत उतरायला वेळ लागतो. कापसाच्या थरांत बाण अडकतो, कारण प्रत्येक थर त्याला थोडा थोडा धरून ठेवतो. मेक्सिकोत उतरलेल्या स्पॅनिश शिपायांनी तिथल्या लोकांच्या कापसाच्या बंड्या पाहून स्वतःही त्या वापरल्या, कारण उकाड्यात त्या सोसवत होत्या आणि बाणाला पुरत होत्या. म्हैसूरकरांनीही कापूस मोठ्या प्रमाणात वापरला. श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्लंडला गेलेल्या टिपूच्या वस्तूंत कापूस भरलेला युद्धाचा पोशाख आहे. पण 4 मे 1799 ला टिपू पडला तो डोक्याला लागलेल्या बंदुकीच्या गोळीनं.

लोखंड मात्र महाग होतं, म्हणून ते मेलेल्याच्या अंगावरून उतरवलं जाई, कोठारात जमा होई आणि नव्या मालकाकडे जाई. 1689 मध्ये मोगलांच्या बाजूनं लढणाऱ्या बिकानेरच्या अनूपसिंहांनी आदोनी घेतली, तेव्हा तिथलं शस्त्रागार उंटांच्या देशात गेलं. त्यातल्या कित्येक वस्तूंवर बारीक ठिपके ठोकून ती आदोनीची लूट असल्याची नोंद केलेली आहे. दख्खनच्या लोहारानं दख्खनच्या शिपायासाठी ओवलेल्या कड्या राजस्थानी शिपायाच्या अंगावर चढल्या. चिलखत मालकाशी इमान राखत नाही. माणसाला ते न परवडण्याच्या त्या काळात हत्तीलाही चिलखत मिळालं. इंग्लंडात लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये असलेलं हत्तीचं चिलखत मद्रासच्या गव्हर्नरची पत्नी लेडी क्लाइव्ह हिनं मिळवून 1801 मध्ये मायदेशी नेलं होतं. आज त्याच्यात 5,840 पत्रे उरले आहेत आणि वजन 118 किलो भरतं. पूर्ण होतं तेव्हा पत्रे 8,439 होते. माहुताच्या अंगावर काय होतं, हा प्रश्न ते पाहताना पडल्याशिवाय राहत नाही.

ज्यांना लोखंड परवडत होतं त्यांनाही ते पुरेसं वाटत नव्हतं. पंधराव्या-सोळाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात किंवा दख्खनमध्ये तयार झालेले काही सुती सदरे आज जगातल्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावर चौकोनांत आणि वर्तुळांत, मुंगीएवढ्या अक्षरांत संपूर्ण कुराण लिहिलेलं असतं आणि काठांवर अल्लाची नावं. चिलखताखाली घालायचे हे सदरे. फारसा लांब जायला नको, आमच्या घरी दिवेलागणीला म्हटली जाणारी रामरक्षाही स्वतःला कवचच म्हणवते, वज्राचा पिंजरा म्हणवते. तिची रीत लोहारासारखीच आहे. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, हात, हृदय, बेंबी, कंबर, मांड्या, गुडघे, पावलं अशी वरून खाली एकेक अवयव घेत ती जाते. आणि यादी संपल्यावर, काही राहिलं असेल म्हणून, अवघ्या शरीराचं रक्षण मागते. लोखंडाला हे जमत नाही. शब्दांच्या कवचात हात हलवायला फट ठेवावी लागत नाही.

बंदूक आली आणि हिशेबच बदलला. ताकदवान धनुष्यातून सुटलेल्या बाणात साधारण शंभर ज्यूल ऊर्जा असते. जुन्या तोड्याच्या बंदुकीची शिशाची गोळी नळीतून बाहेर पडताना तिच्या दहापटीहून जास्त ऊर्जा घेऊन निघते. कड्यांचा झगा इथे उपयोगाचा नाहीच. उलट तुटलेल्या कड्यांचे तुकडे गोळीबरोबर जखमेत जातात. युरोपात काही काळ पत्रे जाड करून पाहिले. चिलखत करणारा तयार छातीपत्र्यावर स्वतःच गोळी झाडायचा आणि पडलेला पोचा तसाच ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला खात्री पटावी. पण पत्रा जाड केला की वजन वाढतं, म्हणून मग पायांचे पत्रे गेले, हातांचे गेले, आणि उरली फक्त छाती नि डोकं. वाचवण्याजोगं काय, हे वजनानं ठरवलं. आपल्याकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक झग्यांच्या कड्यांना रिवेटच नाहीत. तार वाकवून टोकाला टोक भिडवलं, की झालं. पितळेच्या आणि लोखंडाच्या कड्यांची नक्षी सुरेख दिसते, पण माझा दाभण त्या सहज उघडेल. चिलखत दरबारी पोशाख झालं होतं.

ते रणांगणावर परत आलं ते पहिल्या महायुद्धात. खंदकांत माणसं मरत होती ती बरीचशी तोफगोळ्यांच्या उडणाऱ्या तुकड्यांनी, आणि डोक्याला लागून. 1915 मध्ये फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी पोलादी शिरस्त्राणं दिली. ती रायफलची गोळी अडवण्यासाठी नव्हती, वरून पडणाऱ्या तुकड्यांसाठी होती. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या माणसांसाठी कॅनव्हासमध्ये पोलादी पट्ट्या शिवलेली जाकिटं झाली. त्यातली पहिली बनवली विल्किन्सन स्वोर्ड या कंपनीनं, जी तलवारींसाठी ओळखली जायची. मग 1965 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंना एक विलक्षण ताकदीचा धागा सापडला. कंपनी शोधत होती टायरसाठी हलका धागा. त्याचं नाव पुढे केव्हलार पडलं.

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या तुकडीत कुटुंबीयांसाठी एक दिवस ठेवला होता. बहीण आणि मी गेलो होतो. एका टेबलावर सामान मांडलेलं होतं. मी जाकिटाशी बराच वेळ रेंगाळलेली पाहून भाचा म्हणाला, “अगं मावशी, नुसतं बघतेस काय, घाल ना.” घातलं. संग्राहकाच्या घरचा झगा आठवला. तोच भार, त्याच खांद्यांवर. पट्टे आवळून वजन कंबरेवर घ्यायची युक्तीही तीच.

आतून मात्र ते वेगळं आहे. मऊ जाकिटात धाग्याचं कापड थरांवर थर रचलेलं असतं. पिस्तुलाची गोळी त्यावर आदळली की तिचं शिसं चपटं होतं, कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरतं, आणि धागे तिला जाळ्यात मासा धरावा तसं धरतात. इथेही तेच, जोर पसरवायचा. पण पिस्तुलाच्या गोळीत साधारण पाचशे ज्यूल असतात आणि एके-47 च्या गोळीत दोन हजारांच्या आसपास. शिवाय ती टोकदार. तिच्यासाठी पुढे आणि मागे कडक पट्टी घालावी लागते. ही पट्टी सिरॅमिकची, म्हणजे चिनीमातीच्या दूरच्या नात्यातली, पण पोलादाहून टणक. त्यावर गोळीचं टोक बोथट होतं, फुटतं. पट्टीही फुटते, पण फुटताना भार मोठ्या जागेवर पसरवते, आणि मागचे धाग्यांचे थर उरलेले तुकडे झेलतात. भाचा म्हणाला, “ही पट्टी खाली पडू द्यायची नाही. आत भेग गेली तर बाहेरून कळत नाही.” संरक्षण संशोधन संस्था आणि आयआयटी दिल्ली यांनी 2024 मध्ये ‘अभेद’ नावाची जाकिटं दाखवली, बोरॉन कार्बाइडच्या सिरॅमिकची. त्यांतली हलकी 8.2 किलोंची आणि त्याहून वरच्या दर्जाची 9.5 किलोंची. म्हणजे आपण फिरून कड्यांच्या झग्याच्या वजनावर आलो आहोत. माणसाचा खांदा तेवढाच राहिला आहे.

मी भाच्याला दाभणाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, “मऊ जाकिटाचं तसंच आहे. गोळी अडते, पण बारीक टोकाचा सुरा धाग्यांच्या मधून जाऊ शकतो. तुरुंगातल्या लोकांना वेगळं देतात.” सुरीपासून वाचवणारं चिलखत वेगळं, गोळीपासून वाचवणारं वेगळं. सगळ्यांपासून वाचवणारं कुणी केलेलं नाही.

आणि वाचणं म्हणजे दुखापत न होणं नव्हे. अमेरिकन मानकाप्रमाणे जाकीट तपासताना त्याच्यामागे मऊ मातीचा ठोकळा ठेवतात. गोळी अडली, पण मातीत 44 मिलिमीटरपर्यंत खड्डा पडला, तर जाकीट उत्तीर्ण होतं. तो खड्डा माणसाच्या छातीत पडतो. बरगडी मोडू शकते. गुर्जाचा धक्का अजून आहे, फक्त त्याला आता मिलिमीटरची मर्यादा घातली आहे.

टेबलापाशी उभी असताना माझ्या मनात 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र होती, आणि बहिणीच्याही असणार. हेमंत करकरे छत्रपती शिवाजी टर्मिनसपाशी शिरस्त्राण आणि जाकीट चढवत असल्याचं चित्र आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. काही वेळानं कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. नंतर ते जाकीट सापडेना. त्याच्या दर्जावरून वाद झाला आणि कविता करकरे ते कुठे गेलं हे विचारत राहिल्या. सरकारी बाजूनं सांगण्यात आलं की गोळ्या मान आणि खांद्याच्या भागात लागल्या, जिथे जाकिटाचं आवरण नव्हतंच. ते खरं मानलं तरी प्रश्न संपत नाही, कारण जाकीट हरवलं म्हणजे ते कसं होतं याचा पुरावाही हरवला. मला मात्र त्या उत्तरातल्या जागेनं धरून ठेवलं. मान आणि खांदा. झेलमच्या काठी पोरसचा उघडा राहिला तो खांदाच.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. म्हणून मागचे सहकारी वाचले आणि कसाब जिवंत सापडला. करकऱ्यांना आणि ओंबळ्यांना पुढच्या वर्षी अशोकचक्र मिळालं. मी चिलखतांचा इतिहास वाचते तेव्हा ओंबळ्यांना कुठे बसवायचं ते मला कळत नाही. बखरीतल्या हशमांच्या रांगेत ते आहेत, ज्यांना लोखंड मिळालं नाही. आणि त्या रात्री मागच्या माणसांपुरतं चिलखतही तेच होते.

परतताना भाचा बसपर्यंत आला. मी त्याला विचारलं, “मानेला, खांद्याला काही मिळतं का रे?” म्हणाला, “मिळतं ना. वेगळे तुकडे असतात, जोडायचे. मानेचा, खांद्याचा, खाली मांडीजवळचा.” मग जरा थांबून, बहीण पुढे गेलेली पाहून म्हणाला, “पण ते सगळं लावलं की मान वळत नाही गं. रायफल खांद्याला नीट बसत नाही. उन्हाळ्यात तर जीव जातो. बरेच जण काढून ठेवतात.” मी विचारलं, “तू?” तो म्हणाला, “आईला सांगू नकोस.”

मी त्याला पोरसची गोष्ट सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “मग त्यानं खांदा झाकायला हवा होता का?” मला उत्तर देता आलं नाही. झाकला असता तर तो लढला नसता. नाही झाकला म्हणून लागला.

बहीण अजून रोज संध्याकाळी देवापुढे बसून रामरक्षा म्हणते. पूर्वी ती भराभरा म्हणायची, भाजी फोडणीला टाकायची घाई असायची. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे होते. तिचा आवाज कंठापाशी आणि खांद्यांपाशी हळू होतो, हे माझ्या लक्षात आलं. भाचा आमच्या मागे जे बोलला ते तिनं ऐकलं होतं की काय, ते मी तिला विचारलेलं नाही.